डावा स्पीकर

सरसर मला दारातूनच ऐकू आली. दुकानाच्या मागच्या बाजूला ती ऐकायची खोली होती. भिंतींना जाड राखाडी फोम, खाली गालिचा आणि मधोमध एकच खुर्ची. खुर्चीवर अर्थातच हे बसले. मी पर्स पोटाशी धरून दाराशी उभी. समोर स्टँडवर दोन काळे स्पीकर नुसते चालू करून ठेवलेले, अजून काही लावलेलं नव्हतं, आणि त्यांतून बारीक सरसर येत होती, कुठेतरी नळ नीट बंद न केल्यासारखी. दुकानदार म्हणजे पोट सुटलेला, जेवणानंतर सुस्तावलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, आधी कान लावून बघा. ॲक्टिव्ह स्पीकर म्हटलं की थोडी सरसर असतेच, पण या जोडीत जरा जास्त आहे. आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको." यांनी डोळे मिटले, बोटांची टोकं जुळवली, मान जराशी तिरपी केली. ती मान बघून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मग डोळे उघडून म्हणाले, "कुठे आहे सरसर? चिडीचूप आहे सगळं. असली शांतता मी स्टुडिओतसुद्धा ऐकली नाही." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. सरसर चालूच होती.

या माणसाच्या कानांवर आमचं घर चाललं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत यांनी नभोवाणी केंद्रावर एकच काम केलं: आवाज तपासायचं. काचेच्या पलीकडे गाणारा, अलीकडे हे. वशिलेबाजी नको म्हणून काचेवर पडदा, आणि गाणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, नुसता नंबर. त्या नंबरानं दोन ओळी म्हटल्या न म्हटल्या की यांचं बोट वर जायचं, लाल दिवा लागायचा आणि माईकमधून आवाज यायचा, "पुढचा नंबर." ऑफिसात यांना कात्री म्हणत. यांना ते माहीत होतं आणि आवडायचं. तेच बोट मग घरी आलं. खुर्ची ओढली, बोट. ताटलीवर चमचा वाजला, बोट. पाहुण्यांच्या मुलानं टीपॉयवर ठेका धरला, तर त्याच्या आईबापांसमोर बोट. चपला काढताना त्या फरशीवर टाकायच्या नाहीत, ठेवायच्या. कपाटाचं दार दोन्ही हातांनी लावायचं. माझ्या माहेरची माणसं या घरात कुजबुजत बोलायची आणि जिना उतरल्यावर मोठ्यानं हसायची; मला ते वरपर्यंत ऐकू यायचं. आणि त्या दुकानात, इतक्या जवळ सरसर चालू असताना, बोट वर गेलं नाही. मांडीवर तसंच पडून राहिलं. मला आधी काय वाटलं सांगू? घरातल्या देवानंच जांभई दिल्यावर कसं वाटेल, तसं.

"म्हणजे यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतच नाही?" हे विचारत होते. आमचा जुना, दोन माणसांनी उचलावा लागणारा ॲम्प्लिफायर जळाला होता, म्हणून तर ही खरेदी. दुकानदार म्हणाला, "नाही ना. तुमचे जुने होते ते पॅसिव्ह. त्यांना बाहेरून कोणीतरी ताकद पुरवावी लागायची. हे ॲक्टिव्ह, ज्याची ताकद त्याच्या पोटात. प्रत्येकाला स्वतःची वायर, मागे स्वतःचं बटण, आवाजाचा स्वतःचा नॉब. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. कोणी कोणावर अवलंबून नाही." "संसार नाही करता यायचा मग यांना," हे म्हणाले आणि दोघे पुरुष हसले. मी हसले नाही. त्यानं आणखी दोन जोड्या लावून दाखवल्या. एक लाकडी, ठेंगणी, तिच्यात सरसर नव्हती, गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा स्वच्छ येत होता. यांनी नाक मुरडलं. "कोंदट," म्हणाले. दुसरी पांढरी, लखलखीत. "पोरकट. उगाच गुदगुल्या." मग पुन्हा ती काळी. "हीच. हिच्यात गाण्यामागची शांतता आहे." दुकानदार चुळबुळला. माणूस प्रामाणिक होता. "बाई, तुम्हीसुद्धा एकदा ऐकून घ्या ना," म्हणाला. हे म्हणाले, "हिचं काय विचारता! हिला मिक्सर आणि गाणं सारखंच." मी पुढे झाले, डावीकडच्या काळ्या स्पीकरला कान लावला. सरसर अशी की कानात वाळू ओतावी. मी सरळ झाले आणि म्हणाले, "हीच घ्या. अगदी शांत आहे." माझं म्हणणं यांनी ऐकलं, ते असं. दुकानदारानं मान खाली घालून खोकं बांधायला घेतलं.

हा आवाज-नापासाचा प्रकार माझ्यासाठी नवा नाही. काचेपलीकडचा एक नंबर मीही होते. एकविशी गाठली नव्हती. गल्लीतली सगळी म्हणायची, पोरगी गाते चांगलं, जा की एकदा केंद्रावर. गेले. पडद्यासमोर उभी राहिले, मुखडा घेतला, अंतऱ्यात शिरले, आवाज वर चढणार, तोच लाल दिवा. "पुढचा नंबर." मी तोंड तसंच उघडं ठेवून उभी, शिपायानं दंडाला धरून बाजूला केलं. फाटकाशी उभी राहून रडत होते तेव्हा हे चहाला बाहेर आले. मी नंबर आहे हे यांना ठाऊक नव्हतं आणि हे कात्री आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पंधरवड्यात यांची मावशी आमच्या घरी, स्थळ घेऊन. बाबा नुसते हरखले, नभोवाणीवरचा जावई! लग्न झाल्यावर कधीतरी गप्पांत उलगडा झाला, आणि यांना जन्माचा विनोद मिळाला. "आवाज नापास केला, बाई पास केली!" प्रत्येक मेजवानीत, प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर. लोक हसायचे. मी चहाचा ट्रे धरून हसायची. न हसून सांगता कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. अंतऱ्यात पुढे काय म्हणणार होतीस, हे या माणसानं मला कधी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही.

गाणं सोडलं, पण गुणगुणणं सुटतं होय? भांडी घासताना, पीठ मळताना ते आपोआप यायचं, आणि बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज: "भुंगा, बंद!" भुंगा म्हणजे आमची लेक. स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची, म्हणून यांना वाटायचं तीच गुणगुणते, त्यावरूनच ते नाव पडलं. पहिल्यांदा मी सांगायला निघाले होते की अहो, ती नाही, मी. तर एवढीशी पोर, ओठांवर बोट ठेवून मान हलवली तिनं. बाहेर जाऊन "सॉरी बाबा" म्हणून आली. तेव्हापासून तेच. गुणगुणायचं मी, बोलणी खायची तिनं. पुढे ती आवाजाच्याच धंद्यात गेली. आता तिची स्वतःची रेकॉर्डिंगची खोली आहे, जाहिराती करते, धडे वाचून घेते, मधल्या वेळात स्वतः गाते. गेल्या महिन्यात मला तिकडे घेऊन गेली, कानावर हेडफोन चढवले आणि म्हणाली, "आई, मी एक ओळ विचारते, तू भांडी घासताना उत्तर दे." भांडी नव्हती, पण मी उत्तर दिलं. मग दुसरं. मग पूर्ण गाणं. तिचे सवाल उजव्या स्पीकरमधून आणि माझे जवाब डाव्यातून, असं बसवलं तिनं. "पुढच्या रविवारी येते," नंतर फोनवर म्हणाली, "बाबांना ऐकवायचं. नाव सांगायचं नाही. नुसता नंबर. त्यांच्याच नियमानं." मी नको म्हटलं. मग हो म्हटलं. मग पुन्हा फोन करून नको म्हटलं, तर तिनं फोन ठेवून दिला. तेव्हा नवीन स्पीकर घरात आले ते असे, की त्यांतून या म्हाताऱ्याला माझा आवाज पुन्हा ऐकू येणार होता आणि पुन्हा त्याचं बोट वर जाणार होतं. एवढं एक बोट, पण मला जेवण जाईना.

स्पीकर यांनीच मांडले, टेप घेऊन, भिंतीपासून मोजून. यांची खुर्ची मधे, दोन्हीकडे एकेक काळं खोकं, डाव्याची वायर खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये, उजव्याची स्वयंपाकघराच्या भिंतीला. घरभर सरसर सुरू झाली. मी पोछा मारत असताना ती माझ्यासोबत खोलीभर असायची आणि मला, का कोण जाणे, तिचा आधार वाटायचा. या घरात पहिल्यांदाच असं काही आलं होतं जे यांना न विचारता वाजत होतं. मग एका दुपारी मी इस्त्रीसाठी खिडकीजवळचं सॉकेट घेतलं. डाव्याचं बटण बंद केलं, वायर काढली. चादरी होत्या, वेळ गेला, आणि यांची ऐकायची वेळ झाली. मी म्हणणार होते, थांबा, वायर लावते. तोवर हे बसलेसुद्धा, लावलं, डोळे मिटले. एकट्या उजव्यातून गाणं यायला लागलं, एका पायावर चालणाऱ्या माणसासारखं. मी हातात गरम इस्त्री घेऊन बोट वर जायची वाट बघत राहिले. हे म्हणाले, "वा." जरा वेळानं उठून आवाज वाढवला आणि पुन्हा म्हणाले, "वा! काय भरदार आहे." चादर करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

मी वायर परत लावली, पण बटण बंदच ठेवलं. हे मुद्दाम होतं, त्यात अपघात बिपघात काही नाही. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी बंद. रोज हे मधोमध बसून उजव्याला दाद द्यायचे आणि डावा नुसता समोर उभा, गप्प. मला उकळ्या फुटत होत्या. मी त्यांच्या डावीकडे जाऊन हळूच म्हटलं, "अहो, ऐकता का?" उत्तर नाही. "कात्री," मी म्हटलं, तोंडावर म्हटलं, यांच्या स्वतःच्या घरात. पेपराचं पान उलटलं. मग मला एकदम आठवलं की जेवायला मी यांच्या डावीकडे बसते. सून म्हणून या घरात आले तेव्हा सासूबाईंनी दाखवलेली ती जागा. भाजीत मीठ कमी आहे का, लेकीला ताप आहे, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, बाबा गेले — सगळं मी त्या डाव्या कानाशी बोलत आले. आणि हे खाली मान घालून जेवत राहायचे. मी समजायची, मिजास आहे. मिजास म्हणूनच मी तिचा राग केला, तो राग जपला, लोणच्यासारखा मुरवला. आता त्यातली किती मिजास आणि किती बहिरेपण? कधीपासून? बाबा गेले तेव्हा यांनी मान वर केली नव्हती, ते ऐकू आलं नाही म्हणून की ऐकून? याचा हिशेब मला कोण देणार? माणूस निर्दयी असेल तर त्याचा राग करता येतो. बहिरा असेल तर लोक म्हणतील, अगं, समजून घे. मला समजून घ्यायचं नव्हतं. मला माझा राग परत हवा होता, जसाच्या तसा. या माणसानं तोसुद्धा निम्मा करून ठेवला, म्हणून माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

रविवारी सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी डाव्या स्पीकरमागे गेले. बटण चालू करायचं ठरवलं होतं. बोट त्याच्यावर ठेवलं. आणि मला सगळं जसंच्या तसं दिसायला लागलं, पडदा, लाल दिवा, शिपायाचा हात दंडावर. एवढं वय झालं, गुडघे गेले, केस गेले, आणि भीती मात्र त्याच पोरीची, तशीच कोरी करकरीत. हा अर्धा बहिरा माणूस, ज्याला स्पीकरची सरसर ऐकू येत नाही, त्यानं मला नापास करू नये म्हणून मी घामाघूम झाले. स्वतःचीच चीड आली. बटण बंदच ठेवलं. जाऊ दे, म्हटलं, ऐकूच नये त्यांनी. उद्या लेक रागावली तर रागावली. सुंठीवाचून खोकला जाईल.

भुंगा आली ती घाईनं, केस ओले, हातात मोबाइल. "बाबा, तुम्हाला एक तपासायचंय. कोण ते विचारायचं नाही." हे खूश. निवृत्तीनंतर कोणी तपासायला काही आणलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, बोटांची टोकं जुळवली, डोळे मिटले. भुंगानं मोबाइल जोडला, लावलं. उजव्यातून तिचा पहिला सवाल आला, आणि मग जिथे मी यायची, तिथे काहीच आलं नाही. नुसता दुरून ठेका. भुंगा चमकली. डाव्याकडे बघितलं, तिथला हिरवा दिवा बंद. ती उठायला लागली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती तशीच खाली बसली. लहानपणी बोलणी खाऊन परत यायची तेव्हा बसायची तशी. दुसरा सवाल, मग रिकामं. तिसरा, मग रिकामं. बोट काही वर गेलं नाही. गाणं संपेपर्यंत गेलं नाही. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी शेवटपर्यंत गाऊ दिलं, आणि त्यात मी नव्हते.

डोळे उघडून हे म्हणाले, "तुझाच आवाज आहे, मला काय कळत नाही होय! आवाज बरा आहे. ठीक. शिकलेला आहे. पण खरी गंमत कशात आहे सांगू? त्या मधल्या जागा. एक ओळ म्हणून तू थांबतेस, सगळं रिकामं ठेवतेस, तिथे हे गाणं मोठं होतं. त्या शांततेला मी पैकीच्या पैकी देईन. गाणं कोणीही शिकतं गं, गप्प बसणं शिकावं लागतं." आणि मग माझ्याकडे वळून हसले, कौतुकानं, खरोखरच्या कौतुकानं. "हे मात्र आईकडून आलं हो तिच्यात."

भुंगाचं तोंड पांढरं पडलं. "बाबा, त्या जागा रिकाम्या नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे?" हे म्हणाले. मी उठले. माझे गुडघे वाजतात उठताना, ते त्या दिवशी मला फार मोठ्यानं ऐकू आले. डाव्या स्पीकरमागे गेले आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, सरसर आली. "पुन्हा लाव," मी लेकीला म्हटलं. तिनं लावलं. सवाल आला. आणि मग डावीकडून मी आले. माझा आवाज मी त्या खोलीत इतका मोठा कधी ऐकला नव्हता. थोडा जाड झालाय. खाली जाताना किंचित हलतो. पण माझा आहे.

हे दचकले. आणि मग यांची मान वळली ती डावीकडे नाही, उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. यांना सगळे आवाज आता त्याच बाजूनं येतात. तिकडे बघत, कपाळाला आठी घालून, यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "भुंगा, बंद!"

"मी इथे आहे, बाबा," भुंगा त्यांच्या पुढ्यातून म्हणाली.

यांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं आणि आवाज तर येतच होता, दुसरा जवाब, मग तिसरा. मग यांनी माझ्याकडे पाहिलं, मी स्पीकरमागे उभी, ओठ मिटलेले. हळूहळू सगळं त्यांच्या तोंडावर उतरताना मला दिसलं: कोण गुणगुणायचं ते, आणि कोण गप्प बसायचं ते. बोट तसंच हवेत राहिलं होतं. "हा... हा डावा कधीपासून बंद होता?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं विचारताय?" मी म्हटलं. "याचं, की तुमच्या कानाचं?"

भुंगा ओरडली, "आई!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं, मला कळलं. हे खुर्चीत एकदम लहान दिसायला लागले. कीव आली नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, आली. कीव आली म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिले, ओळख नसल्यासारखे. गाणं अंतऱ्याशी आलं होतं. इथेच, याच वळणावर, तेव्हा लाल दिवा लागला होता. यांनी घसा साफ केला. ती मान तिरपी झाली, आता चांगला कान पुढे करून. कानामागे हात धरून ते ऐकायला लागले, आणि ऐकता ऐकता चेहऱ्यावर ते जुनं ऑफिस परत आलं. "हा आवाज..." त्यांनी सुरुवात केली. चांगलं म्हणणार होते की वाईट, मला माहीत नाही. कदाचित चांगलंच म्हणणार असतील.

स्पीकरच्या मागे, बटणाच्या वर, आवाजाचा नॉब असतो. ज्याचा त्याचा स्वतःचा. मी आवाज वाढवत तो शेवटपर्यंत फिरवला.